मक्याची हाक वाया घालवू नका: लष्करी अळीविरुद्ध वासाच्या आधाराने पीक राखण्याचे टप्पे

‘बांधाला नेपिअर गवत लावलं, मधे मूग घेतला, सापळेही टांगले, तरी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळी आहेच.’ मका घेणाऱ्यांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: सगळं केलं, पण उलट्या क्रमाने केलं. नेपिअर मक्यासोबतच लावलं, म्हणून मका गुडघ्याला आला तेव्हा नेपिअर वीतभरच होतं. ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटक असलेल्या अंड्यांची कार्डं, लावली आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कडक औषध मारलं. सापळा आणला, पण अळी दिसल्यावर.

वासावर चालणारी ही पद्धत क्रमाच्या बाबतीत फार काटेकोर आहे. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच ओळीने घ्या. मधलाच एखादा उचलून फायदा होईल ही अपेक्षा ठेवू नका.

## आधी एवढं समजून घ्या

मक्याचं पान फाटलं की लगेच हिरवट वास सुटतो, गवत कापताना येतो तोच. हेक्झेनल, हेक्झेनॉल वगैरे छोट्या रेणूंची ती वाफ. विळ्याने कापलं तरी ती सुटते. कामाची गोष्ट त्यानंतर काही तासांनी घडते. अळीच्या लाळेत व्हॉलिसिटिनसारखी द्रव्यं असतात. ती जखमेत मिसळली की झाड लिनालूल, कॅरिओफायलिन, फार्नेसीन अशी टर्पीन द्रव्यं आणि इंडोल तयार करून हवेत सोडतं, तेही फक्त कुरतडलेल्या पानातून नाही, शाबूत पानांतूनसुद्धा. कोटेशियासारख्या बारीक गांधीलमाश्या या वासाचा माग काढत येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. शेजारच्या मक्याला इंडोलचा वास लागला की अळी पोचण्याआधीच तोही सावध होतो.

यातून शेतकऱ्याच्या कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली: टर्पीन उजेडात तयार होतात आणि त्या वासावर येणाऱ्या गांधीलमाश्याही दिवसा फिरतात. म्हणून सकाळची फवारणी या पद्धतीत सर्वांत महाग पडते.

दुसरी: हा वास अळीला मारत नाही, तो मदतीला हाक मारतो. हाकेला ओ देणारा कीटक शिवारात शिल्लकच नसेल तर पिकाने कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. वर्षानुवर्षं दर आठवड्याला फवारणी झालेल्या शेतात पहिल्या हंगामात फरक कमी दिसतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

तिसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लष्करी अळी, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी (फॉल आर्मीवर्म), मक्याची ही हाक दाबते. तिच्या जवळच्या नात्यातल्या इतर अळ्यांनी कुरतडल्यावर मका जितका वास सोडतो, त्याहून कमी वास ही अळी लागल्यावर सुटतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून एकट्या मक्यावर विसंबून भागत नाही. अंडी घालणाऱ्या मादी पतंगालाच दुसरीकडे वळवावं लागतं.

तिथे नेपिअर कामी येतं. मादी पतंग रात्री वासावरून यजमान झाड शोधते. केनियातल्या खोडकिडीवरच्या अभ्यासात असं आढळलं की अंधार पडल्यावरच्या पहिल्या तासात नेपिअरमधून सुटणारा हिरवट वास सुमारे १०० पट वाढतो. मका आणि ज्वारीत ही वाढ त्या मानाने बरीच कमी असते. नेमक्या त्याच वेळी माद्या अंडी घालायला जागा शोधत असतात.

## टप्पा १: आखणी (मका पेरणीच्या आठ आठवडे आधी)

एका तुकड्याचा आकार ५० बाय ५० मीटरपेक्षा मोठा ठेवू नका. म्हणजे साधारण २५ गुंठे. त्याहून मोठं शेत असेल तर त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र कड द्या. चार एकराच्या फक्त बाहेरच्या बांधाला नेपिअर लावून मधल्या मक्याला काहीच मिळत नाही.

जागा किती जाईल याचा हिशेब आधीच करा. नेपिअरच्या तीन ओळी, दोन ओळींत ७५ सेंटिमीटर, आणि आतली ओळ व मका यांत १ मीटर मोकळी जागा. म्हणजे चारही बाजूंनी अडीच मीटरचा पट्टा. २५ गुंठ्यांच्या तुकड्यात तो जवळजवळ पावणेपाच गुंठे होतो. घरी जनावरं नसतील आणि जवळपास वैरणीला गिऱ्हाईकही नसेल तर हा सौदा परवडणार नाही. तसं असेल तर टप्पा ३ पासून पुढचं करा, नेपिअर सोडा.

सावध: एक मीटरची मोकळी जागा ‘वाया जाते’ म्हणून तिथे मक्याची आणखी एक ओळ घुसवू नका. नेपिअरच्या सावलीत ती ओळ पिवळी पडते, आणि पाहणीला चालायला वाटही उरत नाही.

## टप्पा २: नेपिअरची लागण (सहा ते आठ आठवडे आधी)

मुळं असलेले ठोंब किंवा दोन-तीन डोळ्यांच्या पक्व कांड्या घ्या. दोन रोपांत ५० सेंटिमीटर. २५ गुंठ्यांच्या तुकड्याला साधारण १,१०० ते १,२०० ठोंब लागतात. तूट धरून थोडे जास्त आणा. शेणखत घालून लावा आणि पहिला महिना तण काढत राहा, नंतर नेपिअर स्वतःच तणाला दाबतं.

हंगामाचं गणित असं: रब्बी मक्यासाठी जून-जुलैत पावसावर नेपिअर लावणं सगळ्यांत सोपं. ऑक्टोबरात मका पेरताना कड उभी असते. खरिपाच्या मक्यासाठी विहिरीचं पाणी असेल तर मे महिन्याच्या सुरुवातीला लावा. पाणी नसेल तर पहिल्या खरिपात नेपिअर आणि मका एकत्रच येतील. त्या हंगामात कडेचा फायदा धरू नका, पुढच्या हंगामात धरा. नेपिअर एकदा बसलं की काही वर्षं टिकतं.

तपासा: मका उगवून येईल तेव्हा नेपिअर किमान कमरेएवढं उंच आणि सलग असलं पाहिजे. मधे नांग्या पडल्या असतील तर मक्याच्या पेरणीआधी भरून घ्या.

## टप्पा ३: फुलांची पेरणी (मक्याच्या महिनाभर आधी)

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. हाकेला येणाऱ्या प्रौढ गांधीलमाशीचं पोट मधुरसावर भरतं. मक्याच्या कोवळ्या शेतात तिला खायला काही नाही. ती येईल आणि निघून जाईल.

कोथिंबीर, बडीशेप, मोहरी यांची फुलं उथळ असतात. बारीक माशीचं तोंड तिथे पोचतं. कोथिंबिरीला फुलं यायला दीड महिना लागतो, म्हणून ती मक्याआधीच पेरा. पट्टा फार नको; बांधाच्या आत एक-दोन ओळी पुरतात. आठवडी बाजारात विकायची कोथिंबीर वेगळी ठेवा, कारण ही कापायची नाही, फुलू द्यायची आहे.

## टप्पा ४: मका आणि आंतरपीक

मका ६० बाय २० सेंटिमीटरवर पेरा, आणि शिवारात शक्यतो सगळ्यांनी एकाच आठवड्यात. मागे-पुढे पेरणी झाली की पतंगांना महिनाभर कोवळा मका मिळत राहतो, आणि उशिरा पेरणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांची अळी येते.

बीजप्रक्रियेसाठी सायंट्रानिलीप्रोल १९.८ टक्के अधिक थायामेथोक्झाम १९.८ टक्के एफएस हे मिश्रण ६ मिली प्रति किलो बियाण्याला शिफारशीत आहे. उगवणीनंतरचे पहिले १५ ते २० दिवस ते पीक सांभाळतं आणि वरून फवारावं लागत नाही, म्हणून मित्रकीटकांना धक्का कमी लागतो. बियाणं पिशवीतच प्रक्रिया केलेलं आहे का, हे लेबलवर पाहा. असेल तर पुन्हा करू नका.

आंतरपिकाबाबत एक मोठा गोंधळ आहे. केनियातल्या ‘ढकला-ओढा’ पद्धतीत (कीड मक्यातून ढकलायची आणि कडेच्या गवताकडे ओढायची) मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचं द्विदल चारापीक असतं. तिथे, युगांडात आणि टांझानियात हिरव्या पानाचं डेस्मोडियम आणि कडेला ब्रॅकिआरिया गवत असलेल्या शेतांत लष्करी अळ्यांची संख्या ८० टक्क्यांहून जास्त घटलेली आढळली. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तो आकडा त्या जोडीचा आहे. नेपिअर आणि मुगाला तो लावू नका.

सावध: दशरथ घास म्हणजे डेस्मोडियम नव्हे. नावाच्या साधर्म्यामुळे अनेकांनी दशरथ लावून ‘पद्धत फसली’ असं म्हटलं. दशरथ उत्तम वैरण आहे, पण ती वेगळी वनस्पती, डेस्मँथस. बियाणं घेताना नाव नीट वाचा.

खात्रीचं डेस्मोडियम बियाणं मिळालं तर ते फार बारीक असतं. कोरड्या वाळूत मिसळून उथळ पेरा आणि सुरुवातीचे सहा आठवडे हाताने खुरपणी करा, कोळपं घालू नका. ते बहुवर्षायू आहे. पुढच्या हंगामात त्याच रानात कांदा किंवा हरभरा घ्यायचा असेल तर लावूच नका. डेस्मोडियम वासाने पतंग दूर ठेवतं की पानांवरच्या आकडेदार केसांत अळ्या अडकवून मारतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तुमच्या शेतातल्या कामाला त्याने फरक पडत नाही.

नाही मिळालं तर मूग, उडीद किंवा तूर घ्या. त्यांचा फायदा वेगळ्या वाटेने येतो: जमीन झाकली जाते, कोळी आणि ढालकिड्यांना आसरा मिळतो. लष्करी अळी थोपवण्यात ही पिकं डेस्मोडियमच्या बरोबरीची नाहीत, पण नुसत्या मक्यापेक्षा बरी.

खताबाबत एकच: नत्र एकदम देऊ नका, हप्त्यांत द्या. एकदम युरिया ओतून लुसलुशीत केलेला मका अळीला आधी आवडतो.

## टप्पा ५: कामगंध सापळे (उगवणीच्या आठवड्यात)

एकरी ४ ते ५ सापळे. ते पाहणीसाठी आहेत, अळी संपवण्यासाठी नाहीत. ल्यूरमध्ये मादी पतंगाचा वास असतो, त्यावर फक्त नर येतात. पिकाच्या वासाशी याचा संबंध नाही. दोन्ही एकच समजून ‘सापळा लावला म्हणजे वासाची पद्धत झाली’ असं म्हणणारे बरेच आहेत.

ल्यूर लष्करी अळीचीच हवी. बोंडअळीची ल्यूर हाताळलेल्या हाताने ही धरली तर वास मिसळतो. हात धुवा किंवा स्वच्छ चिमटा वापरा. सापळा पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर ठेवा आणि पीक वाढेल तसा वर घ्या. ल्यूर किती दिवसांनी बदलायची ते पाकिटावर असतं. ती तारीख सापळ्यावरच मार्करने लिहून ठेवा.

सोबत एकरी १० पक्षीथांबे रोवा. मका महिन्याचा होईपर्यंत ते फार उपयोगी पडतात.

## टप्पा ६: पाहणी (आठवड्यातून दोनदा)

सगळ्या पद्धतीचा कणा हा टप्पा आहे. इथे कंटाळा केला तर बाकीचे आठही टप्पे वाया.

आधी नेपिअर पाहा, मग मका. नेपिअरच्या पानांच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके असतात, वर करड्या लोकरीसारखा थर. एका पुंजक्यात १०० ते २०० अंडी. उष्ण हवेत ती दोन-तीन दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्यातून एकदाच पाहून चालत नाही. पुंजके पानासकट तोडा आणि चिरडा.

मक्यात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चाला. पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी सलग २० झाडं पाहा. पोंगा दोन बोटांनी हलकेच उघडा. पानावर कागदासारखे पारदर्शक चट्टे दिसत असतील तर अळी अगदी लहान आहे. ओळीने भोकं आणि पोंग्यात ओली, लाकडाच्या भुश्शासारखी विष्ठा असेल तर ती मोठी झालीय आणि आत आहे. विष्ठा सुकलेली असेल आणि आत काही नसेल तर ते जुनं नुकसान; त्याला धरू नका. ओळख पक्की करायची तर डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके पाहा.

तपासा: हाकेला कोणी आलं का, हेही याच पाहणीत कळतं. अळीजवळ पानाला चिकटलेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट कोष दिसला तर गांधीलमाशीचं काम झालेलं आहे. पोंग्यात ताठ होऊन मेलेली, आधी पांढरी आणि मग हिरवट भुकटी धरलेली अळी दिसली तर ती मेटारायझियम बुरशी; पावसाळी हवेत ती आपोआप पसरते. असे कोष आणि अशा अळ्या वहीत अळ्यांच्या शेजारीच मोजून लिहा. अळ्यांचा आकडा स्थिर आणि कोषांचा वाढता असेल तर फवारणीची घाई करू नका.

हात लावून, पान चुरगाळून ‘वास येतो का’ असं पाहू नका. आपल्या नाकाला तो हिरवट वासच कळतो, कामाचे बाकीचे वास इतके कमी असतात की आपल्याला जाणवत नाहीत.

## टप्पा ७: अंड्यांवरचे मित्रकीटक सोडणे

सापळ्यात सरासरी ३ पतंग दिसू लागले की ट्रायकोग्रामा प्रिटिओसम किंवा टेलेनोमस रेमस एकरी ५०,००० या प्रमाणात, आठवड्याच्या अंतराने सोडा. अळ्या दिसल्यावर सोडून उपयोग नाही. हे कीटक अंड्यातच अंडी घालतात. मिळत असेल तर टेलेनोमस पसंत करा. लष्करी अळीच्या पुंजक्यात अंड्यांचे थर असतात आणि वर लोकर. ट्रायकोग्रामाला खालच्या थरापर्यंत पोचणं जड जातं, टेलेनोमसला तितकं नाही.

एका ट्रायकोकार्डवर साधारण २०,००० अंडी असतात, म्हणजे एकरी अडीच कार्ड. कार्ड घेतानाच उजेडात धरून पाहा. अंडी काळसर हवीत. पिवळट असतील तर त्यांत मित्रकीटक नाही. काळ्या अंड्यांना बारीक भोकं पडलेली असतील तर कीटक दुकानातच उडून गेलेत. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा, संध्याकाळी उन्हं कलल्यावर. मोटरसायकलच्या डिकीत तापलेलं कार्ड फेकून द्या.

## टप्पा ८: फवारणी, आणि तीही या ओळीने

आधी नेपिअरवर. कडेला अळीने खाल्ल्याच्या खुणा दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क किंवा अझाडिरेक्टिन १५०० पीपीएम ५ मिली प्रति लिटर फवारा. हे चुकलं की सगळं उलटं होतं: नेपिअर पतंगांना ओढतं, अंडी तिथे पडतात, आणि कोणी लक्ष दिलं नाही तर तिथेच अळ्या मोठ्या होऊन मक्यात उतरतात. खोडकिडीची पिल्लं नेपिअरच्या चिकट रसात बऱ्याच प्रमाणात मरतात, पण लष्करी अळीबाबत तेवढ्या भरवशावर राहू नका.

अर्क असा: ५ किलो निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी मारा; उन्हात अर्काचा जोर जातो.

मग मका, पण पातळी ओलांडली तरच. पोंगा लहान असताना १०० पैकी ५ झाडं, नंतर १० ते २० झाडं ताज्या नुकसानीची दिसली तर पहिली फवारणी निंबोळी अर्काची. तिच्यानंतरही आकडा चढत राहिला, तर क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी ०.४ मिली प्रति लिटर, पोंग्यात नेमकी धार जाईल असं, संध्याकाळी. लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी पाळा. मका मुरघासाला जाणार असेल तर जास्तच. तुरा आल्यावर रासायनिक फवारणी करू नका.

सावध: लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड असलेली मिश्रणं या शेतात नकोत. ती अळीबरोबर तिच्यावर आलेल्या गांधीलमाश्याही मारतात. आणि कोणतीही रासायनिक फवारणी झाली की आठवडाभर मित्रकीटक सोडू नका. नेपिअरवर रासायनिक औषध कधीच नको, ते गोठ्यात जाणार आहे.

## टप्पा ९: नेपिअरची कापणी

नेपिअर तीन महिन्यांचं, मीटर-दीड मीटर उंच झालं की कापायला घ्या. मक्याला लागून असलेली आतली ओळ आधी, जमिनीपासून १० सेंटिमीटर बुडखा ठेवून. ती फुटून आल्यावर मधली. तिन्ही ओळी एकदम कधीच कापू नका. वैरण कमी पडली म्हणून पुरी कड भुईसपाट केली, की त्या रात्रीपासून पतंगांना मक्याशिवाय वासच उरत नाही.

कापण्याआधी पानांवरचे पुंजके पाहून काढा, नाहीतर ते गाडीतून गोठ्याजवळच्या मक्यात पोचतात. मक्याची काढणी झाल्यावरही एक ओळ उभी ठेवा. पुढचा मका पेरण्याच्या तीन आठवडे आधीपासून कापणी थांबवा, म्हणजे नवं पीक उगवेल तेव्हा कड पुन्हा कमरेला आलेली असेल.